वायफायचा कंट्रोलर बसवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. जागा वाढली, दोनाचे दहा ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी उपकरणं, पुढे नुसतं 'पॉइंट') झाले आणि आता ते सगळे एका ठिकाणाहून सांभाळायचे आहेत. शाळा, अभ्यासिका, मंगल कार्यालय, दवाखाना, होम-स्टे अशा ठिकाणांहून हे प्रश्न आले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंट्रोलरमुळे सेटिंग एका जागी येतात. केबल, वीज, आयपी पत्ते (नेटवर्कमधला प्रत्येक उपकरणाचा क्रमांक) आणि हवेतले चॅनल यांची कामं मात्र जिथल्या तिथे राहतात, आणि खालच्या बहुतेक अडचणी त्याच कामांतल्या आहेत.

प्रश्न: आमच्या माध्यमिक शाळेत ११ ॲक्सेस पॉइंट आहेत. पासवर्ड बदलायचा झाला की प्रत्येकाचं पान वेगळं उघडावं लागतं. कंट्रोलर घ्यायचा म्हणजे नेमकं काय घ्यायचं? आणि तो बंद पडला तर अख्ख्या शाळेचं वायफाय जाईल का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

कंट्रोलर हा मुळात एक प्रोग्राम आहे. पॉइंटना नेटवर्कचं नाव, पासवर्ड, चॅनल, ताकद हे सगळं तो सांगतो आणि कोण चालू, कोण बंद याची खबर ठेवतो. तो तीन रूपांत मिळतो: कंपनीची छोटी पेटी, तुमच्याच एखाद्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर, किंवा कंपनीच्या सर्व्हरवरची सेवा. काम तिन्हींचं तेच.

बंद पडल्यावर काय होईल, हे फोनचा डेटा कोणत्या वाटेने जातो यावर ठरतं. युनिफाय, ओमाडा अशा छोट्या-मध्यम जागांच्या यंत्रणांत डेटा पॉइंटकडून थेट स्विचकडे (केबली जोडणाऱ्या पेटीकडे) आणि तिथून राउटरकडे जातो. कंट्रोलर त्या वाटेवर नसतोच. तो बंद असला तरी पॉइंट शेवटची मिळालेली सेटिंग धरून काम करत राहतात. नवा बदल करता येत नाही, नोंदी साठत नाहीत, आणि लॉगिनचं पान कंट्रोलरवरून येत असेल तर नव्या पाहुण्यांना आत येता येत नाही, एवढंच. मोठ्या संस्थांत मात्र पॉइंटनी सगळा डेटा कंट्रोलरकडेच पाठवायचा अशीही रचना असते. त्यासाठी वापरला जाणारा कॅपवॅप हा प्रोटोकॉल (उपकरणांनी आपसात बोलण्याचे नियम) २००९ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात हुकूम यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीच्या ५२४६ पोर्टवरून (क्रमांक दिलेल्या दारातून) जातात आणि डेटा ५२४७ वरून. तिथे कंट्रोलर गेला की वायफायही जातं, म्हणून तिथे तो जोडीने घेतात.

शाळेसाठी पहिली रचना पुरेशी आहे. पेटी घ्या किंवा कायम चालू राहील असा छोटा कॉम्प्युटर घ्या. कार्यालयातल्या लिपिकांच्या लॅपटॉपवर कंट्रोलर टाकू नका. तो लॅपटॉप घरी जातो, त्याचा आयपी बदलतो, आणि मग पॉइंट कंट्रोलरला शोधत बसतात. आयपी पत्ता पहिल्या दिवशीच पक्का करा.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा. सध्याचे ११ पॉइंट कोणत्या मॉडेलचे आहेत आणि ते कंट्रोलरला जोडता येतात का? एका कंपनीचा कंट्रोलर सहसा दुसऱ्या कंपनीचे पॉइंट घेत नाही, आणि पॉइंट म्हणून वापरलेले घरगुती राउटर तर बहुधा कुठल्याच कंट्रोलरमध्ये येत नाहीत. दुसरं, वार्षिक परवान्यावर चालणारी यंत्रणा असेल तर परवाना संपल्यावर पॉइंट चालू राहतील की थांबतील, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. शाळेच्या अंदाजपत्रकात तो खर्च दर वर्षी मंजूर होईल याची खात्री नसेल, तर मी ती वाट धरणार नाही. लिनक्स नीट येणारं कोणी हाताशी असेल तर ओपनडब्ल्यूआरटी आणि ओपनविस्प ही मुक्त सॉफ्टवेअरची जोडीही आहे. पण ती माणसासकट घ्यावी लागते. माणूस बदली होऊन गेला की ती अनाथ होते.

प्रश्न: कॉलेजच्या मुख्य इमारतीतले पॉइंट कंट्रोलरमध्ये लगेच दिसले. वसतिगृहातले चार मात्र दिसतच नाहीत. त्यांचे दिवे लागतात, पिंग केलं तर उत्तर येतं. पॉइंट खराब आहेत का? (प्रयोगशाळा साहाय्यक, नांदेड)

पॉइंट चांगले आहेत. पिंगला, म्हणजे 'आहेस का' या विचारणेला, उत्तर येतं म्हणजे केबल, वीज आणि आयपी तिन्ही जागेवर आहेत. अडलंय ते ओळख होण्यावर.

नवा पॉइंट चालू झाला की तो 'मी इथे आहे' अशी हाक आपल्याच नेटवर्कमध्ये देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. मुख्य इमारतीत कंट्रोलर आणि पॉइंट एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या एका गटात) आहेत, म्हणून ते दिसले. वसतिगृहाला वेगळा सबनेट दिलेला असणार. तिथल्या पॉइंटना कंट्रोलरचा पत्ता कुणीतरी हातात द्यावा लागेल, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

सर्वांत चांगला मार्ग डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेचा. पॉइंट आयपी मागतो तेव्हाच उत्तरासोबत कंट्रोलरचा पत्ताही पाठवायचा. युनिफायसाठी हे डीएचसीपीच्या ४३ क्रमांकाच्या ऑप्शनमधून होतं, ओमाडासाठी १३८ मधून. ४३ मध्ये पत्ता षोडशमान (हेक्स) पद्धतीत लिहावा लागतो, आणि इथेच लोक अडतात. युनिफायला पुढे ०१ आणि ०४ हे दोन बाइट लागतात, मग पत्त्याचे चार आकडे. कंट्रोलर १९२.१६८.१०.५ वर असेल तर १९२ चं सी०, १६८ चं ए८, १० चं ०ए आणि ५ चं ०५. सलग लिहायचं ०१०४सी०ए८०ए०५. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. सिस्कोच्या पॉइंटनाही ४३ च लागतो, पण तिथे सुरुवात ०१ ऐवजी एफ१ ने होते, म्हणून एका कंपनीचं उदाहरण पाहून दुसरीला लावू नका.

दुसरा मार्ग डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेचा. युनिफायचे पॉइंट 'युनिफाय' या नावाचा पत्ता विचारून पाहतात. तुमच्या डीएनएस सर्व्हरवर त्या नावापुढे कंट्रोलरचा आयपी लिहिला की झालं. तिसरा मार्ग हाताने. पॉइंटमध्ये एसएसएचने (दुरून आज्ञा टाइप करण्याच्या सोयीने) शिरून सेट-इन्फॉर्म ही आज्ञा आणि पुढे कंट्रोलरचा पत्ता द्यायचा. चार पॉइंटसाठी हे चालेल. पण पुढच्या वर्षी कोणी पॉइंट रीसेट केला की तेच काम पुन्हा, म्हणून मी डीएचसीपीचंच सुचवेन.

पत्ता देऊनही दिसत नसतील तर दोन सबनेटमधली फायरवॉल (डेटाची ये-जा अडवणारा पहारा) पाहा. युनिफायला पॉइंटकडून कंट्रोलरकडे टीसीपीचा (दुसरी पाठवण्याची पद्धत) ८०८० आणि यूडीपीचा ३४७८ हे पोर्ट मोकळे लागतात. ओमाडाला यूडीपीचा २९८१० आणि टीसीपीचे २९८११ ते २९८१४, नव्या आवृत्त्यांत त्यापुढचेही काही. कंट्रोलर विंडोजवर असेल तर त्या कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉलही बघायला विसरू नका. ती अनेकदा नव्या प्रोग्रामला गुपचूप अडवते.

याच प्रश्नाचं दुसरं रूप ठाण्याहून आलं आहे. पॉइंट दिसतो, जोडायला घेतला की थोडा वेळ 'अडॉप्टिंग' म्हणतो आणि मग तुटतो, पुन्हा दिसतो, पुन्हा तुटतो. कंट्रोलर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) चालवलाय, असं त्यांनी लिहिलंय, आणि कारण तेच आहे. कंट्रोलर पॉइंटला आपला पत्ता म्हणून डॉकरच्या आतला, १७२ ने सुरू होणारा पत्ता सांगतो. पॉइंट तिथे हाका मारत राहतो आणि त्या पत्त्यावर बाहेरून कुणी पोचूच शकत नाही. युनिफायमध्ये इन्फॉर्मसाठीचा होस्ट (पॉइंटनी कंट्रोलरला गाठायचा पत्ता) स्वतः ठरवण्याची सोय आहे. तिथे कॉम्प्युटरचा खरा आयपी टाका.

आणि पॉइंट जुना, दुसरीकडून आणलेला असेल तर तो आधीच्या कंट्रोलरशी बांधलेला असतो. टाचणीने मागचं बटण दहाएक सेकंद दाबून रीसेट करा, मगच पुढचं.

प्रश्न: दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वेगळं नेटवर्क केलं, त्याला व्हीलॅन ३० (त्याच केबलवर क्रमांक देऊन केलेलं वेगळं नेटवर्क) दिला. फोन जोडला जातो, पण 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावरच थांबतो. कर्मचाऱ्यांचं नेटवर्क व्यवस्थित चालतं. (सांगली)

पासवर्ड बरोबर आहे आणि हवेतलं कामही झालं आहे. फोनची आयपीची मागणी व्हीलॅन ३० ची चिठ्ठी लावून पॉइंटमधून निघते आणि वाटेत कुठेतरी टाकून दिली जाते. कंट्रोलरमध्ये व्हीलॅन लिहिला म्हणजे तो सगळीकडे तयार झाला, असा समज फार आढळतो. पॉइंट ते राउटर या वाटेवरच्या प्रत्येक स्विचला व्हीलॅन ३० माहीत हवा, पॉइंटच्या पोर्टवर आणि स्विच-ते-स्विच जोडणाऱ्या पोर्टवर तो टॅग करून (त्या चिठ्ठीसकट) सोडलेला हवा, आणि राउटरवर त्या व्हीलॅनचा पत्ता व डीएचसीपी हवा.

शोधायची पद्धत सोपी आहे. राउटरजवळच्या स्विचवर एक मोकळा पोर्ट फक्त व्हीलॅन ३० मध्ये, टॅग न लावता ठेवा आणि तिथे लॅपटॉप लावा. आयपी मिळाला तर राउटर ठीक. मग हेच पुढच्या स्विचवर करा. जिथे आयपी मिळायचा थांबेल, त्याच्या अलीकडच्या जोडणीत दोष. दवाखान्यांत बहुधा शेवटी सापडतं ते हेच: कुणीतरी पोर्ट कमी पडले म्हणून मध्ये साधा, सेटिंग नसलेला स्विच टाकलेला असतो. असे स्विच टॅग कसे हाताळतील याचा भरवसा नसतो. तो काढा.

पॉइंटचं स्वतःचं, म्हणजे कंट्रोलरशी बोलण्याचं नेटवर्क मात्र सुरुवातीला टॅगशिवायच ठेवा. त्यालाही टॅग लावायच्या नादात पॉइंट कंट्रोलरपासून तुटतो आणि शिडी घेऊन छताशी चढावं लागतं.

दवाखान्याबद्दल एक आग्रह धरतो. नातेवाइकांच्या नेटवर्कवरून रुग्णांच्या नोंदींचा कॉम्प्युटर, एक्स-रेचं यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांतलं काहीही दिसता कामा नये. व्हीलॅन वेगळा केला तरी राउटर दोन्ही व्हीलॅनना आपणहून जोडून देऊ शकतो. तो रस्ता बंद करणारा नियम लिहा, आणि नातेवाइकांच्या वायफायवर फोन लावून ते पत्ते उघडतात का, हे स्वतः करून पाहा. रुग्णाची माहिती आपल्या विश्वासावर तिथे ठेवलेली असते.

प्रश्न: पुण्यात आमची तीन मजली अभ्यासिका आहे. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक पॉइंट, सगळे कंट्रोलरवर, ताकद 'हाय'. तरी मुलं तिसऱ्या मजल्यावर बसून पहिल्या मजल्याच्या पॉइंटला चिकटलेली दिसतात आणि व्हिडिओ लेक्चर अडकतं. कंट्रोलर त्यांना हलवत का नाही?

कारण हलायचं की नाही, हे फोन ठरवतो. कंट्रोलर सुचवू शकतो, फार तर जोडणी तोडू शकतो, निवड फोनचीच. ॲपलने आपल्या आयफोनबद्दल जाहीरच केलं आहे की आताच्या पॉइंटचा सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नल मोजण्याचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) खाली गेल्यावरच तो दुसरा शोधायला लागतो. तुमचे तिन्ही पॉइंट जिन्याच्या पोकळीतून पूर्ण ताकदीने एकमेकांच्या मजल्यावर पोचतात. तिसऱ्या मजल्यावरही पहिल्याचा सिग्नल उणे ६५ असेल तर फोनला हलायचं कारणच वाटत नाही.

'हाय' ताकदीचं आणखी एक नुकसान आहे. लाउडस्पीकरवरून बोलणाऱ्याचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो, पण टोकावरच्या माणसाने दिलेलं उत्तर त्याला ऐकू येत नाही. फोनचा रेडिओ पॉइंटपेक्षा अशक्त असतो. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही, ते यामुळे.

म्हणून आधी ताकद उतरवा. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा 'लो' वर, ५ गिगाहर्ट्झचा 'मीडियम' वर. ३ डीबी कमी केले की ताकद निम्मी होते, हे लक्षात ठेवून थोडं थोडं उतरवा आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मोजा. खुर्चीपाशी सर्वांत जवळच्या पॉइंटचा सिग्नल उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला मिळाला की पुरे. जमलं तर पॉइंट जिन्यापासून हलवून प्रत्यक्ष मुलं बसतात त्या खोलीत न्या, आणि एका मजल्यावर डावीकडे तर वरच्यावर उजवीकडे असे ठेवा. एका केबलच्या खर्चात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

मग चॅनल. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तुमचे मजलेही तीन आहेत. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ४० मेगाहर्ट्झ रुंदीने ३६, ४४, १४९, १५७ पासूनचे चार पट्टे सरळ वापरता येतात. ५२ ते १४४ या दरम्यानच्या चॅनलवर रडारला वाट द्यावी लागते. तिथे पॉइंट सुरू होण्याआधी किमान एक मिनिट ऐकत बसतो आणि रडार दिसलं तर अर्धा तास तो चॅनल सोडतो. अभ्यासिकेला त्यांची गरज नाही.

कंट्रोलरमध्ये देश 'भारत' हाच निवडा. जास्त ताकद मिळते म्हणून काही जण दुसरा देश निवडून देतात. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. ती मोकळीक ताकदीच्या मर्यादेसकट दिलेली आहे. ती पाळणं बंधनकारक आहे.

यानंतरच रोमिंगची, म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाण्याची बटणं. ८०२.११के आणि ८०२.११व्ही चालू करा. त्यांनी फोनला शेजारच्या पॉइंटची यादी आणि सूचना मिळते. ८०२.११आर मुळे पॉइंट बदलताना लागणारा वेळ कमी होतो, पण काही जुनी उपकरणं त्याने जोडलीच जात नाहीत, म्हणून एका मजल्यावर करून पाहा. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद करा. कमी सिग्नलवर फोनला बाहेर काढण्याची सोय शेवटी वापरा, तीही उणे ७८-८० च्या आसपास. फार कडक ठेवली तर कोपऱ्यातला मुलगा आत-बाहेर होत राहतो आणि तक्रार वाढते.

नेटवर्कची नावं किती आहेत, ते तुम्ही लिहिलं नाही. प्रत्येक नावासाठी प्रत्येक पॉइंट सेकंदाला जवळपास दहा वेळा सगळ्यात कमी वेगाने आपली जाहिरात करत असतो. दोन ठेवा, फार तर तीन.

प्रश्न: मंगल कार्यालयात सहा पॉइंट बसवले. एरवी सगळं छान चालतं. ६०० माणसांचं लग्न असलं की मुहूर्ताच्या वेळेला नेट ठप्प, 'कनेक्ट होत नाही' म्हणून आरडाओरडा. शिवाय पंगत सुरू झाली की दोन पॉइंट आपोआप बंद पडून परत चालू होतात. (कोल्हापूर)

दोन वेगळे दोष आहेत. पहिला पत्त्यांचा. राउटर नेहमीच्या सेटिंगवर असेल तर त्याच्याकडे २५४ च्या आत पत्ते आहेत आणि एकदा दिलेला पत्ता तो बहुधा २४ तास राखून ठेवतो. सकाळच्या लग्नाची माणसं जेवून घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच, आणि संध्याकाळच्या वऱ्हाडाला काही उरत नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कचा मास्क (किती पत्ते मिळतील हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५२.० करा, म्हणजे १०२२ पत्ते मिळतील, आणि मुदत दोन तासांवर आणा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धा आरडाओरडा यानेच थांबेल.

उरलेला अर्धा हवेतला आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. सभागृहात ५ गिगाहर्ट्झ २० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवा, म्हणजे प्रत्येक पॉइंटला वेगळा चॅनल देता येईल. इथे रडारवाल्या चॅनलचीही मदत घ्यायला हरकत नाही. ताकद कमी ठेवा. सभागृहातल्या निम्म्या पॉइंटचा २.४ बंदच करा. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत ही सोय चालू करा आणि प्रत्येकाला ३ ते ५ एमबीपीएसची मर्यादा घाला. माणसांचं शरीर सिग्नल शोषतं, त्यामुळे रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी लग्नाच्या दिवशी खोटी ठरते. चाचणी लग्नाच्या दिवशीच घ्या.

एक विनंती. लग्नाचं थेट प्रक्षेपण वायफायवर सोडू नका. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसलेले आजी-आजोबा ते बघत असतात. स्टेजजवळ फोटोग्राफरसाठी केबलचं एक सॉकेट काढून द्या, वेगळ्या व्हीलॅनवर, मर्यादेशिवाय. हे एवढं केलंत तर बाकीचं थोडं कमी-जास्त झालं तरी कुणाचं मन दुखणार नाही.

दुसरा दोष विजेचा. पॉइंट केबलवरूनच वीज घेतात आणि गर्दी वाढली की जास्त घेतात. केबलवरून वीज देण्याच्या ८०२.३एएफ या प्रमाणाच्या स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ पॉइंटपर्यंत पोचतील असं धरतात; ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५. पण सगळ्या पोर्टना मिळून स्विचची एक एकूण मर्यादा असते, ती खोक्यावर बारीक अक्षरांत असते. आठ पोर्टचा ६० वॅटचा स्विच सहा पॉइंटना प्रत्येकी १२ वॅट देऊच शकत नाही. स्विच मोठा घ्या. केबलही तपासा: तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरा धातू निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो, आणि लांब अंतरावर पॉइंटला पुरेशी वीज पोचत नाही. अशा केबलचं स्वस्त बिल पुढे फार महाग पडतं.

जनरेटरवर बदल होतानाच्या त्या काही सेकंदांसाठी राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवा. नाहीतर वीज गेली की सगळे पॉइंट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

प्रश्न: मालवणजवळ आमचा होम-स्टे आहे, चार कॉटेज, जांभ्याच्या भिंती. मेश लावावं की केबल ओढावी? पाहुण्यांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे का?

केबल ओढा, आणि कॉटेज ते कॉटेज फायबर ओढा. जांभ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाळ्यात भिजलेल्या, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार खातात, त्यामुळे प्रत्येक कॉटेजच्या आत एक पॉइंट लागेलच. मेशमध्ये पॉइंट ते पॉइंट हा टप्पाही हवेतूनच होतो, आणि त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. कोकणात दुसरं कारण जास्त मोठं: आकाशातली वीज. इमारतींमधून उघड्यावर ओढलेली तांब्याची केबल विजेचा झटका एका कॉटेजमधून सगळ्यांत पोचवते. फायबरच्या काचेच्या तारेतून तो जात नाही, फक्त आत धातूची तार नसलेली केबल मागून घ्या. अंगणात पॉइंट लावलात तर त्याच्या केबलवर सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला खरं अर्थिंग, दोन्ही हवेत.

नोंदींबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्या आणि संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच जपायला, ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायला आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगतात. तुमच्या व्यवसायाच्या स्वरूपाला काय लागू होतं, हे सल्लागाराकडून पक्कं करून घ्या. पण मी म्हणेन, बंधन असो-नसो, नोंद ठेवाच. पुढे कधी पोलिसांनी विचारलं तर जोडणी तुमच्या नावावर आहे. खोलीगणिक कूपन द्या. कोणतं कूपन कोणत्या खोलीला, आणि त्या उपकरणाला कोणता आयपी कधी मिळाला, एवढं जपलं की पुरे. मोबाइलवर ओटीपी पाठवण्याची सोय भारतीय सिम नसलेल्या पाहुण्यांना अडवते, म्हणून कूपनच बरं. उपकरणाच्या मॅक पत्त्यावर (वायफायच्या चिपच्या ओळखक्रमांकावर) विसंबू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता देतात. आणि जन्मतारीख, ईमेल असलं काही विचारू नका. जे जपता येणार नाही ते गोळाही करू नये.

प्रश्न: ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांनी कंट्रोलर स्वतःच्या खात्यावर ठेवला. आता ते फोन उचलत नाहीत. वायफाय चालू आहे, पण पासवर्ड बदलता येत नाही. (एका शिक्षण संस्थेचे सचिव)

आधी लेखी पत्राने साइटचा बॅकअप आणि उपकरणांचा ताबा मागा, बिलाची प्रत जोडून. खरेदी संस्थेची आहे आणि तो तुमचा हक्क आहे. काही उपकरणं क्लाउडवरच्या खात्याशी बांधलेली असतात आणि नुसत्या रीसेटने सुटत नाहीत. तिथे कंपनीकडे दाद मागताना बिल आणि सिरियल क्रमांकच कामी येतात.

उत्तर आलं नाही तर सुट्टीचा दिवस निवडा. स्विचवरून व्हीलॅनचे क्रमांक, आणि नेटवर्कची सध्याची नावं व पासवर्ड लिहून घ्या. तुमचा स्वतःचा कंट्रोलर संस्थेच्या ईमेलवर उभा करा, त्यात तीच नावं, तेच पासवर्ड तात्पुरते भरा, म्हणजे प्रिंटर, हजेरीची यंत्रं, प्रोजेक्टर आपोआप जोडले जातील. मग एकेक पॉइंट रीसेट करून जोडत जा. सगळे आले की पासवर्ड बदला.

यापुढे कुणालाही काम देताना मुख्य खातं संस्थेच्या नावावर आणि तंत्रज्ञाला त्याखालचं वेगळं खातं, असंच करा. पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवा, बॅकअपची फाइल कंट्रोलरच्या बाहेर दुसऱ्या जागी ठेवा, आणि कोणता पॉइंट कुठे, कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर, याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. शेवटचं बिल हे सगळं हातात आल्यावरच द्या.

प्रश्न: कंट्रोलर 'सगळे पॉइंट अपडेट करा' असं रोज विचारतो. दाबू का? (नाशिक)

दाबा, पण सगळे एकदम नको. आधी कंट्रोलरचा बॅकअप घ्या, कंट्रोलर अपडेट करा, मग कमी महत्त्वाच्या जागेतला एक पॉइंट. आठवडाभर तक्रार आली नाही की बाकीचे, रात्री. परीक्षेच्या किंवा महिनाअखेरच्या आठवड्यात अजिबात नाही. सुरक्षेची त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट असेल, तर एका पॉइंटवर एक दिवस बघून लगेच पुढे जा.